आयआयटी मुंबईत वीज ग्रिडवर पीएचडी: अर्ज कुठल्या विभागात, पात्रता काय, कागद कोणते

३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेची ग्रिड उरलेल्या देशाच्या ग्रिडला मिळाली. तेव्हापासून देशभर एकच फ्रिक्वेन्सी, ५० हर्ट्‌झ. आता या ग्रिडमध्ये दुपारी भरभरून येणारी आणि दिवेलागणीला गायब होणारी सौर वीज दरवर्षी वाढते आहे. कुठला संच कधी चालू ठेवायचा, कोयनेचं पाणी कोणत्या तासासाठी राखायचं, बॅटरी कधी भरायची, हे निर्णय ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रासारख्या ठिकाणी रोज घ्यावे लागतात. त्यांच्या मुळाशी ऑप्टिमायझेशन, संभाव्यता आणि आता मशीन लर्निंग आहे. या गणितावर पवईत पीएचडी करायची असेल तर काय करावं लागतं, ते पाहू.

अर्जाचा फॉर्म तासाभरात भरून होतो. माणसं अडकतात ती दोन ठिकाणी: विभाग निवडताना आणि जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला जोडताना.

विभागाचं आधी. 'ग्रिडसाठी संगणकीय पद्धती' नावाचा विभाग कुठेच नाही. विद्युत अभियांत्रिकीत पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि पॉवर सिस्टिम्स ही शाखा आहे, तशीच कंट्रोल आणि कंप्युटिंगचीही. त्याशिवाय ऊर्जा विज्ञान आणि अभियांत्रिकी, सिस्टिम्स अँड कंट्रोल, इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग अँड ऑपरेशन्स रिसर्च इथेही याच प्रश्नावर काम होऊ शकतं. प्रत्येक विभागाची पात्र पदव्यांची आणि चालणाऱ्या गेट (अभियांत्रिकी पदव्युत्तर प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा) पेपरांची यादी वेगळी असते. कंप्युटर सायन्सचा गेट दिलेला उमेदवार एका विभागात बसतो, दुसऱ्यात छाननीतच गळतो. म्हणून माहितीपुस्तिका उघडल्यावर पहिल्यांदा आपल्या पदवीचं नाव कुठे कुठे छापलंय ते शोधा, आवडत्या प्राध्यापकाचं नाव नंतर. एकापेक्षा जास्त विभागांत अर्ज करायची मुभा असेल तर जरूर करा.

ढोबळ पात्रता अशी: एम.टेक. किंवा तत्सम पदवी प्रथम वर्गात, म्हणजे किमान ६० टक्के. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना ५५ टक्के. फक्त बी.ई. किंवा बी.टेक. असलेल्यांनाही दार बंद नाही, पण त्यांच्याकडे चांगला गेट स्कोअर हवा. एम.एस्सी. (गणित, भौतिकशास्त्र वगैरे) झालेल्यांना काही विभाग घेतात. गेटचा स्कोअर ३ वर्षं चालतो. २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआय असा नवा पेपर आला आहे. तो कुठल्या विभागाला चालतो हे मात्र त्या वर्षीच्या पुस्तिकेतच बघावं, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नये.

फॉर्ममध्ये प्रवेशाचा प्रकारही विचारतात आणि घाईत तिथे चुकीची खूण होते. टीए म्हणजे अध्यापन साहाय्यक, संस्थेची शिष्यवृत्ती घेऊन पूर्णवेळ संशोधन. आरए म्हणजे एखाद्या प्रकल्पाच्या पैशातून. एफए म्हणजे बाहेरच्या संस्थेची फेलोशिप ज्याच्या हातात आधीच आहे तो. नोकरीतल्यांसाठी दोन वाटा आहेत: मालकाने पाठवलेला प्रायोजित उमेदवार, किंवा नोकरी सांभाळून करणारा बाहेरचा उमेदवार. महापारेषण, महावितरण किंवा टाटा पॉवरमधल्या इंजिनिअरांना हा दुसरा रस्ता भुरळ घालतो. पण त्यासाठी अनुभवाची अट असते, कार्यालयाचं ना-हरकत पत्र लागतं आणि कोर्सवर्कसाठी काही काळ कॅम्पसमध्ये राहावं लागतं. साहेबांशी रजेचं बोलणं अर्जाआधी करा. निवड झाल्यावर रजा नाकारली गेली तर जागा हातची जाते.

आता कागद. दहावी-बारावीपासूनच्या गुणपत्रिका, पदवी किंवा तात्पुरतं प्रमाणपत्र, गेट स्कोअरकार्ड, फोटो, सही, आणि संशोधनाच्या आवडीविषयी पान-दीड पान. विद्यापीठाने ग्रेड दिली असेल तर टक्केवारीचं रूपांतर विद्यापीठाच्याच सूत्राने आणि त्याच्या पत्रासह द्या. सीजीपीएला सरसकट दहाने गुणू नका, पडताळणीत ते उघडं पडतं.

दाखल्यांवर मात्र जरा थांबू, कारण महाराष्ट्रातली मुलं इथेच हमखास ठेचकाळतात. राज्याच्या प्रवेशासाठी आपण जातीचा दाखला, जात पडताळणी आणि राज्याचं नॉन-क्रिमीलेअर असा गठ्ठा जमवलेला असतो. आयआयटी ही केंद्राची संस्था. तिला ओबीसीसाठी केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र लागतं, तेही ताज्या तारखेचं. शिवाय जात केंद्राच्या यादीत असायला हवी; राज्याच्या यादीतली प्रत्येक जात तिथे असतेच असं नाही. राज्याचं एसईबीसी (मराठा समाजासाठीचं) आरक्षण केंद्रीय संस्थेत लागू होत नाही. तिथे उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटी पूर्ण होत असतील तर ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल घटक) विचार करता येतो: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत, शेतजमीन ५ एकरांपेक्षा कमी, आणि घराविषयीच्या अटी वेगळ्या. हे दाखले सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून काढायला वेळ लागतो, तेव्हा जाहिरातीची वाट बघत बसू नका. अर्जाच्या वेळी नव्या आर्थिक वर्षाचा दाखला हातात नसेल तर हमीपत्र चालतं का, हे जाहिरातीत तपासा.

वर्षातून दोनदा प्रवेश होतात. जुलैच्या सत्राचे अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास सुटतात, मुलाखती मेच्या आसपास. जानेवारीच्या सत्राची गडबड सप्टेंबर-ऑक्टोबरपासून. काही विभाग आधी लेखी चाचणी घेतात. मुलाखतीत तुमचा एम.टेक. प्रबंध विचारतातच, पण खरा कस लागतो तो साध्या गोष्टींवर: न्यूटन-रॅफसन पद्धत लोड फ्लोला (ग्रिडमध्ये वीज कुठून किती वाहते, त्या गणिताला) का लावतात, मॅट्रिक्स सिंग्युलर झाली म्हणजे ग्रिडमध्ये काय घडलं, बहिर्वक्र (कॉन्व्हेक्स) समस्या म्हणजे काय. 'एआय वापरून ग्रिड सुधारणार' असं सांगणाऱ्याला पुढचा प्रश्न हाच येतो की कुठल्या बसवर (ग्रिडमधल्या जोडबिंदूवर), कुठल्या डेटाने. मॅटपॉवर किंवा पांडापॉवर या सॉफ्टवेअरवर ११८ बसच्या नमुना ग्रिडचं एखादं गणित आधी स्वतः चालवून पाहिलेलं असलं तर बोलायला जागा मिळते.

पैशाचं सांगायचं तर जानेवारी २०२३ पासून फेलोशिप पहिली २ वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये आहे. मुंबईत वसतिगृह मिळालं तर यात भागतं. कुटुंब घेऊन राहायचं तर ओढाताण होते. पंतप्रधान रिसर्च फेलोशिप सुरुवातीला महिना ७०,००० देते, पण तिची निवड वेगळी आणि चुरस मोठी. बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय या राज्य सरकारच्या संस्था आपापल्या गटातल्या, महाराष्ट्राचे रहिवासी असलेल्या संशोधकांना फेलोशिप देतात. त्यांचे अर्ज पीएचडीची नोंदणी झाल्यावर, स्वतंत्र जाहिरातीनुसार भरायचे असतात. मात्र एका वेळी दोन ठिकाणचे पैसे घेता येत नाहीत.

आयआयटी जमली नाही तर नागपूरचं व्हीएनआयटी, माटुंग्याचं व्हीजेटीआय, पुण्याचं सीओईपी आहेच. राज्य विद्यापीठांना यूजीसीचे २०२२ चे नियम लागू आहेत: पदव्युत्तर ५५ टक्के, किंवा चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांसह, किमान ३ वर्षं, कमाल ६. तिथे जाताना गाईडकडे जागा शिल्लक आहे का, हे आधी विचारा. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ च विद्यार्थी घेता येतात.