जन्मठेप म्हणजे 14 वर्षं, की मरेपर्यंत?

फाशी हवी की नको हा विषय सोलापुरात टपरीवर निघाला की कोणीतरी म्हणतंच, "फाशी नाय दिली तर जन्मठेप, अन् जन्मठेप म्हणजे काय, 14 वर्षं फुकटचं खाऊन बाहेर." लगेच दुसरा सांगतो की जेलात दिवस वेगळा, रात्र वेगळी धरतात, म्हणजे सातच. ही दिवसरात्रीची तर शुद्ध थाप आहे. 14 मात्र हवेतून आलेले नाहीत.

साधी जन्मठेप घ्या. कायद्याने ती मरेपर्यंतच असते, सुप्रीम कोर्टाने 1961 मध्ये गोपाळ गोडसेच्या केसमध्ये हेच सांगितलंय. पण सरकार शिक्षेत सूट देऊ शकतं आणि त्या सुटीच्या जोरावर लोक फार लवकर बाहेर यायला लागले म्हणून 1978 मध्ये सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, 433ए कलम घातलं (आता त्याजागी आलेल्या नव्या कायद्याचं, बीएनएसएसचं, 475), की खुनासारख्या, जिथे फाशी होऊ शकते अशा गुन्ह्यात जन्मठेप लागली तर 14 वर्षं प्रत्यक्ष आत काढल्याशिवाय सूट देऊन सोडायचं नाही. म्हणजे 14 हे कमीत कमी. ते भरले की गेट उघडत नाही, फक्त फाइल हलायला लागते, आणि सरकार नाही म्हणालं तर माणूस आतच.

दुसरी जन्मठेप नंतर आली. 2008 च्या स्वामी श्रद्धानंद नावाच्या आरोपीच्या खून केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या जजना फाशी जास्त वाटत होती आणि 14 वर्षं फारच कमी, मग त्यांनी मधला रस्ता काढला, फाशी नाही पण जिवंत असेपर्यंत सूटही नाही. 2015 मध्ये श्रीहरन केसमध्ये (राजीव गांधी हत्येतल्या कैद्यांची केस) सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी हे मान्य केलं, पण खुनाच्या केसमध्ये अशी सूट बंद करायचा अधिकार फक्त हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाला, आपल्या सेशन्स कोर्टाला नाही. राष्ट्रपती-राज्यपालांचा दयेचा अधिकार तेवढा शाबूत राहतो.

लहान मुलं पळवून मारणाऱ्या कोल्हापूरच्या गावित बहिणींच्या केसमध्ये दोन्ही दिसतात. दयेच्या अर्जावर सरकारने सात वर्षांहून जास्त घोळ घातला म्हणून हायकोर्टाने 2022 मध्ये फाशीची जन्मठेप केली, अन् लोकांनी लगेच "सुटल्या" म्हणून बोंब मारली. पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की नैसर्गिक आयुष्य संपेपर्यंत, सुटीशिवाय. ही दुसरी बातमी किती जणांनी वाचली काय की.

माझं म्हणणं एवढंच, फाशी मागणाऱ्याचा राग जर "14 वर्षांत सुटतो" यावर असेल तर त्याला उत्तर कायद्यात आहे, त्यासाठी दोर लागत नाही. आणि निकाल चुकला तर आत असलेल्याला बाहेर तरी काढता येतं. आमच्या सोलापूरची, स्वातंत्र्यलढ्यातली ज्या गावाची चार माणसं 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फासावर गेली, ज्यांना आजही इथले लोक निर्दोष म्हणतात, त्या गावाला हे मी काय सांगायचं. लॉ कमिशननेही 2015 च्या अहवालात दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध सोडून बाकी गुन्ह्यांची फाशी रद्द करा म्हटलंय.

अर्थात सुटीशिवायची जन्मठेपही काय मऊ नाही. बाहेर पडायची आशाच संपलेला माणूस जेलात सुधारेल कशासाठी, हा प्रश्न फाशीच्या विरोधातले लोकही विचारतात आणि माझ्याकडे त्याला धड उत्तर नाही. पण पुढच्या वेळी पेपरात "फाशी रद्द, जन्मठेप" वाचलं तर शिव्या घालण्याआधी खालचा मजकूर बघा, सूट बंद केलीय का, आणि केली असेल तर आयुष्यभरासाठी की ठरावीक वर्षांसाठी.