वाशातली कूज आणि लिग्निनचा माग

मे महिन्यात शाकारणीला कौले उतरवली की सुतार आधी वाशाच्या टोकावर नख रोवून बघतो. भिंतीत गेलेले टोक बहुधा पांढरट आणि मऊ, काथ्यासारखे तंतू सुटलेले निघते. माळ्यावरच्या खोक्याची देवदारी फळी मात्र तपकिरी पडून चौकोनी खपल्यांत फुटते, बोटांत चुरडली की भुगा. आपण दोन्हीला कूजच म्हणतो. पण पहिलीत बुरशीने लिग्निन, म्हणजे लाकडाचे धागे घट्ट धरून ठेवणारे द्रव्य, फोडलेले असते. दुसरीत सेल्युलोज, म्हणजे तो धागाच, संपते आणि लिग्निन बरेचसे मागे उरते, म्हणून तो तपकिरी रंग.

लिग्निन हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ द कँडोल यांनी १८१३ मध्ये वापरले, लॅटिनमधल्या लाकडाच्या शब्दावरून. १८३८ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायेन यांनी आम्ल आणि अल्कली वापरून लाकडातला धागा वेगळा काढला, तोच सेल्युलोज. जे धुऊन गेले ते त्यांच्या लेखी धाग्यावर बसलेले नुसते पुट. रसायनशास्त्राने लिग्निनकडे पुढेही बरीच वर्षे अडचण म्हणूनच पाहिले. कार्ल डाल यांच्या १८८४च्या पेटंटातली रीत कागद गिरण्यांत अजून चालते: कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावात लाकूड सुमारे १७० अंश सेल्सियसला शिजवायचे, लिग्निन काळ्या पाण्यात उतरवायचे आणि ते आटवून भट्टीत जाळायचे. वर्तमानपत्राच्या कागदासाठी एवढा खटाटोप सहसा होत नाही, लिग्निन त्यातच राहते, म्हणून फडताळात अंथरलेला पेपर पिवळा पडतो.

बुरशीला लिग्निन फोडणे भट्टीशिवाय कसे जमते? कुजलेल्या लाकडातली बुरशी हा कुजण्याचा परिणाम नसून कारण आहे, हे जर्मन वनशास्त्रज्ञ रॉबर्ट हार्टिग यांनी १८७०च्या दशकात दाखवले. रसायन मात्र शंभर वर्षे अडले. सेल्युलोजच्या साखळीत एकच कडी पुन्हा पुन्हा येते, ती पाण्याच्या साह्याने तोडता येते. लिग्निन तीन अल्कोहोलांच्या वेड्यावाकड्या जोडणीतून बनते, त्यात नेमकी पकड सापडत नाही. १८९७ मध्ये स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ पेटर क्लासोन यांनी त्यातल्या एका अल्कोहोलाशी लिग्निनचे नाते ओळखले होते. उत्तर १९८३ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांना मिळाले: पांढरी कूज करणाऱ्या बुरशीचे विकर (रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) हायड्रोजन पेरॉक्साइडच्या बळावर लिग्निनच्या वलयातून एक इलेक्ट्रॉन ओढते, आणि अस्थिर झालेला रेणू आपणच तुटतो. थंडपणे जाळणेच म्हणा ना. गंमत अशी की निव्वळ लिग्निनवर त्या बुरशीचे पोट भरत नाही. तिला आतले सेल्युलोज हवे असते.

गोव्यात हा माग समुद्राकडे वळला. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेत चंद्रलता रघुकुमार आणि सहकाऱ्यांनी किनाऱ्यावरच्या कुजत्या वनस्पतींतून बुरशी वेगळ्या केल्या. त्यांतली फ्लाव्होडॉन फ्लाव्हस सागरी गवतावर सापडलेली. खाऱ्या पाण्यातही ती लिग्निन फोडणारी विकरे तयार करते, असे त्यांनी १९९९ मध्ये मांडले. कारखान्यांचे रंगीत सांडपाणीही अशा बुरशी फिके करतात.

जमिनीवर हेच काम वारुळात चालते. वाळवी चावलेला पाचोळा आत रचते, त्यावर टर्मिटोमायसिस बुरशी वाढवते, आणि पावसात वारुळावर तिची छत्री उगवते. बाजारात पानात बांधून येणारी अळमी ती हीच.