नमुन्यातले प्रमाण आणि नॉर्मल वक्र: २५,५५० वरून ६,५०० वर

याकोब बर्नुली १७०५ मध्ये वारले. त्यांचा शक्यताशास्त्रावरचा ग्रंथ बाझेलला छापून झाला १७१३ मध्ये. त्यात प्रश्न असा: पेटीत पांढऱ्या-काळ्या खड्यांचे प्रमाण ३:२ आहे. खडा काढायचा, रंग नोंदवायचा, परत टाकायचा. पांढऱ्यांचे प्रमाण २९/५० ते ३१/५० या पट्ट्यात येण्याची शक्यता बाहेर पडण्याच्या हजारपट व्हायला किती खडे काढावे लागतील? बर्नुलींचे उत्तर २५,५५०. ते चूक नव्हते, पण फार सैल होते. द्विपद वितरणातली (पांढरे नेमके किती येतील त्या प्रत्येक संख्येची शक्यता देणारी) हजारो पदे हाताने मिळवणे अशक्य, म्हणून प्रत्येक पायरीवर त्यांनी सुरक्षित बाजूची मर्यादा धरली होती.

ही बेरीजच आटोक्यात आणली लंडनला स्थायिक झालेल्या आब्राम द म्वाव्र यांनी, १७३३ च्या एका छोट्या लॅटिन पत्रकात. मधल्या पदापासून दूर जाताना पदे कशी घटतात ते त्यांनी सूत्रात बसवले; त्या सूत्राचा घंटेसारखा वक्र म्हणजेच नॉर्मल वक्र. त्यातला एक स्थिरांक अडला होता; तो २π चे वर्गमूळ निघतो, हे जेम्स स्टर्लिंग यांनी दाखवले. नाणे ३,६०० वेळा उडवले तर प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या पसरटपणाचे माप) ३०. छापे १,७७० ते १,८३० या दरम्यान पडण्याची शक्यता द म्वाव्र यांनी ०.६८२६८८ काढली. दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा एकक वाढवला, म्हणजे आज ज्याला सातत्य-दुरुस्ती म्हणतात ती केली, तर सुमारे ०.६९१ येते, आणि तेच खऱ्या बेरजेच्या जवळचे आहे. जर्मन गणिती गाउस यांचे नाव या वक्राला चिकटले, पण आपल्या मते पहिला मान द म्वाव्र यांचाच.

फ्रेंच गणिती लाप्लास यांनी १८१२ च्या ग्रंथात कोणत्याही प साठी, म्हणजे कोणत्याही खऱ्या प्रमाणासाठी, ही पद्धत पक्की केली. नमुन्यातल्या प्रमाणाचे प्रमाण विचलन = √(प(१−प)/न); न म्हणजे नमुन्याचा आकार. हे वापरले की बर्नुलींच्या पेटीला सुमारे ६,५०० खडेच पुरतात. पट्टा निम्मा करायचा तर नमुना चौपट, हा हिशेबही याच वर्गमुळातून येतो.

खरी अडचण उलट दिशेला आहे. प माहीत नसतो, म्हणून सूत्रात नमुन्यातलेच प्रमाण घालतात आणि त्याभोवती, खरा प ९५ टक्के वेळा ज्यात सापडावा असा पट्टा, म्हणजे अंतराल, आखतात. समजा प = ०.०२ आणि न = ५०. पन्नास खड्यांत एकही पांढरा न सापडण्याची शक्यता ०.९८^५० म्हणजे ०.३६ आहे. तसे झाले की विचलन शून्य येते आणि अंतराल शून्यावरच मिटतो. म्हणजे '९५ टक्के' म्हणवणारा अंतराल ६४ टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर ठरूच शकत नाही. पाठ्यपुस्तके न×प आणि न×(१−प) दोन्ही किमान ५, काही १०, असावेत म्हणतात ते यासाठी. नुसते 'न ३० च्या वर' पाहून भागत नाही. इथे न ५० होता.

अमेरिकी गणिती एडविन विल्सन यांनी १९२७ मध्ये सूत्रात अज्ञात प तसाच ठेवून वर्गसमीकरण सोडवले. विसांत शून्य सापडले तर त्यांचा ९५ टक्के अंतराल ० ते ०.१६ येतो.