क्लोरोक्विनजन्य दृष्टिपटल विकृती

हिवतापावरील क्लोरोक्विन हे औषध दीर्घकाळ पोटात गेल्याने डोळ्याच्या पडद्याला होणारी इजा. हे औषध १९३४ मध्ये जर्मनीत बायर कंपनीत हान्स आंडरझाग यांनी तयार केले. हिवतापाच्या उपचारात ते दोन-तीन दिवसच घेतात, तेवढ्याने पडदा बिघडत नाही. संधिवात आणि ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा आजार) यांमध्ये मात्र क्लोरोक्विन किंवा त्याचे तुलनेने सौम्य रूप हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वर्षानुवर्षे चालते. धोका तिथे आहे.

उंदीर, ससे, मांजरे, डुकरे आणि माकडे यांच्यावरील प्रयोगांतून या इजेचे स्वरूप उलगडले. औषध डोळ्यातील मेलॅनिन या रंगद्रव्याला घट्ट चिकटते, त्यामुळे काळ्या डोळ्यांच्या प्राण्यांत ते फार साठते आणि बंद केल्यावरही दीर्घकाळ तिथेच राहते. तरीही सगळा दोष मेलॅनिनचा नाही, कारण रंगद्रव्य नसलेल्या पांढऱ्या उंदरांचा पडदाही बिघडतो. औषध लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतील टाकाऊ पदार्थ पचवणाऱ्या पिशव्यांमध्ये, शिरून तिथली पचनक्रिया मंदावते. न पचलेल्या मेदाचे थरावर थर साचतात आणि पेशी निकामी होते.

ऱ्हिसस माकडांवरील काही वर्षे चाललेल्या प्रयोगाचा निष्कर्ष सर्वांत मोलाचा. डोळे तपासल्यावर काहीच दिसत नव्हते; सूक्ष्मदर्शकाखाली मात्र आधी गँग्लिऑन पेशी (पडद्याकडून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या), मग प्रकाशग्राही पेशी आणि शेवटी त्यांच्यामागचा रंजकस्तर (रंगद्रव्य असलेला थर) बिघडल्याचे आढळले. रुग्णाची तक्रार येईपर्यंत थांबू नये, हे सांगायला याहून स्पष्ट पुरावा नको. माणसात पीतबिंदूभोवती (पडद्याचा सर्वांत स्पष्ट दिसणारा मधला भाग) वर्तुळाकार झीज होते आणि गेलेली नजर परत येत नाही.

कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात असोत वा खासगी दवाखान्यात, सांधेदुखीवर ही गोळी घेणाऱ्यांनी पहिल्या वर्षातच पडद्याची तपासणी करून घ्यावी आणि पाच वर्षांनंतर ती दरवर्षी व्हावी. किडनीचा आजार असेल तर दरवर्षीची तपासणी आधीच सुरू करावी लागते. चंदगड किंवा गगनबावड्यासारख्या लांबच्या तालुक्यातून येणाऱ्याने ओसीटी (पडद्याच्या थरांचे प्रकाशाने घेतलेले चित्र) आणि दृष्टिक्षेत्र (नजर किती भागात पोचते ते पाहणारी) या दोन्ही चाचण्या एकाच फेरीत उरकाव्यात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची मात्रा वजनाच्या किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आत असावी. ५० किलोच्या बाईला म्हणजे २५० मिलिग्रॅम. तिने ४०० ची गोळी रोज घेतली तर हे प्रमाण ८ वर जाते. गोळी स्वतःहून बंद करू नये, मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.