पडद्यावरचा पेट्रोलचा भडका आणि खरा स्फोट

४ ऑगस्ट २०२० रोजी लेबनॉनमधल्या बैरूतच्या बंदरात प्रचंड स्फोट झाला आणि काही तासांतच मोबाइलवर टिपलेले त्याचे व्हिडिओ जगभर फिरले. माझ्याकडे आले त्यांच्यासोबत एक वाक्य हमखास असायचं: "हा अणुबॉम्बच! साध्या स्फोटात कधी असा पांढरा घुमट होतो का?" याच्या उलट, रणभूमीवरच्या तोफगोळ्याचं खरं चित्रण दाखवलं की लोक म्हणतात, "एवढंच? नुसती धूळ तर उडाली." दोन्हीच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. स्फोट कसा दिसतो हे आपण सिनेमातून शिकलो, आणि सिनेमात जो दिसतो तो बहुतेक वेळा पेट्रोलचा भडका असतो.

चित्रीकरणात एक लहानसा बार पेट्रोलसारखं इंधन हवेत उधळतो आणि ते पसरत पसरत पेटतं. ज्वाळेचा तो देखणा नारिंगी रंग म्हणजे अर्धवट जळलेल्या काजळीचे तापून चमकणारे कण. हा भडका सावकाश वर चढतो, कॅमेऱ्याला तो नीट टिपता येतो आणि योग्य अंतर ठेवलं तर कलाकारही सुरक्षित राहतात. सिनेमावाल्यांच्या दृष्टीनं हे अगदी योग्य आहे. अडचण एवढीच की ते पाहून आपण स्फोट म्हणजे आग असं समजून बसतो.

आता एक हिशोब पाहा. एक किलो पेट्रोल पूर्ण जळलं तर साधारण ४६ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. एक किलो साखरेतून सुमारे १७. आणि टीएनटी या लष्करी स्फोटकाच्या एका किलोतून? जेमतेम ४.२. ऊर्जेच्या बाबतीत टीएनटी साखरेच्याही मागे आहे! याचं कारण असं की पेट्रोल किंवा साखर जळते तेव्हा ऑक्सिजन हवेतून येतो, तो आपण वजनात धरत नाही. टीएनटी मात्र स्वतःचा ऑक्सिजन रेणूतच घेऊन येतो. तोही पुरेसा नसतो, त्यामुळे बराच कार्बन तसाच राहतो आणि टीएनटीचा धूर काळपट दिसतो. मग एवढ्याशा ऊर्जेत पोलाद फाडण्याची ताकद येते कुठून?

वेगातून. माझ्या मते सगळ्या स्फोटकशास्त्रातला हा सर्वात सुंदर भाग आहे, म्हणून इथे जरा थांबू.

कागद जळतो तेव्हा पेटलेला थर शेजारच्या थराला उष्णता देतो, तो तापतो, मग पेटतो. उष्णता अशी हातोहात पोचायला वेळ लागतो. बंदुकीची दारूसुद्धा कितीही झपाट्यानं जळली तरी जळतेच. लष्करी स्फोटकांत जे घडतं ते वेगळं. त्याला डेटोनेशन म्हणतात आणि तिथे निरोप उष्णता नेत नाही, दाब नेतो. सायकलच्या पंपानं हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं, कारण वायू दाबला की तापतो. तापलेल्या, दाबलेल्या पदार्थात ध्वनी अधिक वेगानं धावतो. त्यामुळे दाबाची मोठी लाट निघाली की तिचा मागचा भाग पुढच्या भागाला गाठतो, लाटेचा उतार उभा होत जातो आणि शेवटी दाबाची जणू भिंतच तयार होते. हा आघात तरंग. या भिंतीच्या एका बाजूला शांत, थंड स्फोटक आणि दुसऱ्या बाजूला, टीएनटीच्या बाबतीत, वातावरणाच्या सुमारे दोन लाख पट दाब.

ही भिंत अंगावरून जाताना स्फटिकांमधल्या सूक्ष्म पोकळ्या चेपतात आणि तिथे अतितप्त ठिपके तयार होतात. रेणू तुटतात, ऊर्जा सुटते आणि तीच ऊर्जा भिंतीला पुढे ढकलत राहते. हा वेग वाढतच का जात नाही, किंवा मंदावत का नाही? चॅपमन आणि जूगे या दोघा शास्त्रज्ञांनी सव्वाशे वर्षांपूर्वीच्या काळात याचं उत्तर मांडलं. रासायनिक क्रिया जिथे संपते, तिथल्या वायूच्या तुलनेत भिंतीचा वेग आणि त्याच वायूतला ध्वनीचा वेग नेमके सारखे होतात. त्यामुळे मागे वायू कितीही पसरला तरी त्या पसरण्याची खबर भिंतीला गाठू शकत नाही. भिंत आपल्या ठरावीक वेगानं जात राहते. पुढे १९४०च्या दशकात झेल्डोविच, फॉन नॉयमन आणि ड्योरिंग या तिघांनी स्वतंत्रपणे त्या भिंतीच्या आतली रचनाही उलगडली.

टीएनटीत हा वेग सेकंदाला सुमारे ६,९०० मीटर असतो. एक किलो टीएनटीचा ठोकळा जेमतेम साडेआठ सेंटिमीटर बाजूचा. एका बाजूनं सुरू झालेला तरंग तो सेकंदाच्या सुमारे १२ दशलक्षांश भागात पार करतो. तेवढ्या वेळात ४.२ मेगाज्यूल सुटले म्हणजे त्या क्षणापुरती शक्ती झाली हजार मेगावॅटच्या तीनशेहून अधिक वीजकेंद्रांएवढी! सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात. दोन चित्रांमधल्या अवधीत हा तरंग अडीचशे मीटरहून लांब गेला असता, म्हणजे ठोकळ्यातलं सगळं नाट्य त्या फटीतच संपतं. कॅमेऱ्याला पुढच्या चित्रात सापडते ती धूळ आणि धूर.

नुसत्या ज्योतीनं ही दाबाची भिंत उभी राहत नाही, म्हणून ती सुरू करून देणारा लहानसा बार, म्हणजे डेटोनेटर, लागतो. टीएनटी सुमारे ८० अंशांना वितळतं आणि ते वितळवूनच तोफगोळ्यांत ओततात. आरडीएक्सपासून बनवलेल्या सी-४वर गोळी झाडली तरी सहसा काही होत नाही. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिक त्याचे तुकडे पेटवून त्यावर डब्यातलं जेवण गरम करत, धूर विषारी असूनही. पडद्यावर मात्र एका गोळीत स्फोटकांची पेटी उडते. पण याचा अर्थ ही द्रव्यं निरुपद्रवी आहेत असा मुळीच नाही. मोठा साठा बंदिस्त जागी पेटला तर साधं जळणं केव्हा डेटोनेशनमध्ये बदलेल याचा नेम नसतो.

हातगोळ्याचंही तसंच. अमेरिकी एम-६७मध्ये सुमारे १८० ग्रॅम स्फोटक असतं. तो आगीचा लोळ उठवत नाही, मारतात ते उडणारे पोलादी तुकडे. त्याची पिन दातांनी ओढायला गेलं तर आधी दात जाईल. भूसुरुंगावर पाय पडला, 'क्लिक' झालं आणि पाय उचलेपर्यंत नायक सुखरूप, या दृश्यावर तर मला मनापासून राग येतो. दाबानं चालणारे बहुतेक सुरुंग दाब पडताक्षणी फुटतात. पाय पडल्यावर विचार करायला सवड मिळत नाही.

आणि नायकाची ती उडी. मागे भडका, तो हवेत फेकला जातो, कपडे झटकून उभा राहतो. माणसाला इतक्या जोरानं भिरकावणारा दाब त्याच्या शरीरातून आधीच गेलेला असतो. नेहमीच्या दाबापेक्षा एक-तृतीयांश वातावरण जास्त दाब कानाचा पडदा फाडायला पुरतो. त्याहून जास्त झाला की फुफ्फुसं. तिथे हवा आणि ऊती एकमेकांना लागून असतात, आणि तरंग नेमका अशा सीमेवरच फाडतो. बाहेरून ओरखडाही नसलेला माणूस आतल्या रक्तस्रावानं मरू शकतो. पळून सुटण्याचं म्हणाल तर जगातला सर्वात वेगवान धावपटू सेकंदाला १२ मीटरच्या आसपास जातो, आणि पार विरलेला तरंगही ३४० मीटर.

बैरूतचा पांढरा घुमट याच तरंगाची शेपटी होती. उंच दाबाच्या मागोमाग काही क्षण दाब नेहमीपेक्षाही खाली जातो. हवा पसरते, थंड होते आणि समुद्रकाठच्या दमट हवेतल्या वाफेचे बारीक थेंब होऊन ढग बनतो, जो लगेच विरतो. त्यात अणूचा काही संबंध नाही. गोदामात साठवलेलं २,७५० टन अमोनियम नायट्रेट होतं, आणि व्हिडिओत दिसणारा लालसर तपकिरी धूर नायट्रोजनच्या ऑक्साइडचा. 'जवळजवळ अणुबॉम्ब' हा शब्द बातम्यांत फार स्वस्त झाला आहे. २०१७ मध्ये अफगाणिस्तानात टाकलेल्या अमेरिकेच्या अजस्र बॉम्बलाही तो चिकटवला गेला. त्याची क्षमता ११ टन टीएनटीएवढी, हिरोशिमाच्या बॉम्बची सुमारे १५,००० टन.

बैरूतचे व्हिडिओ आवाज चालू ठेवून पुन्हा पाहा. आधी मूकपणे घुमट वाढतो. चित्रण करणारा खिडकीत किंवा गच्चीत उभाच असतो. मग काही सेकंदांनी आवाज, आणि त्याच क्षणी काचा. आवाज आणि दाब ही एकच लाट आहे, ती एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद घेते. सिनेमात उजेड आणि आवाज एकदम येतात, त्यामुळे या तीन सेकंदांची आपल्याला ओळखच नसते. दूरवर झगझगीत उजेड दिसला तर हे तीन सेकंद खिडकीपासून दूर होऊन खाली पालथं पडण्यासाठी आहेत.

६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात मॉं-ब्लां नावाचं जहाज दुसऱ्या जहाजाशी टकरून पेटलं. त्यावर महायुद्धासाठी निघालेलं पिक्रिक आम्ल, टीएनटी आणि गनकॉटन होतं. सुमारे वीस मिनिटं ते जळत राहिलं. लोक किनाऱ्यावर जमले, घराघरांतून खिडक्यांच्या काचेला चेहरा लावून पाहत राहिले. जहाजात काय आहे हे कळलेला रेल्वेचा कर्मचारी व्हिन्स कोलमन येणारी गाडी थांबवण्यासाठी तारेवर संदेश पाठवत बसला आणि त्या स्फोटात गेला. एकूण दीड हजारांहून अधिक माणसं मेली. जे खिडक्यांमागे होते त्यांच्यातल्या शेकडोंच्या डोळ्यांत काचा घुसल्या. पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, कॅनडात अंधांसाठी राष्ट्रीय संस्था उभी राहिली. ती युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी होती आणि हॅलिफॅक्सच्या या माणसांसाठीही.