आत गेलं म्हणजे बसलं नव्हे: एसएलआर आणि एफएएलची मॅगझिनं

महाड-पोलादपूरपासून सावंतवाडीपर्यंत माजी सैनिकांना तोटा नाही, आणि त्यातल्या जुन्या पिढीच्या खांद्यावर वर्षानुवर्षं एकच रायफल होती, ती म्हणजे एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल, गोळी झाडली की पुढची आपोआप भरणारी). त्यामुळे गणपतीत मुंबईहून आलेल्या एखाद्या पुतण्यानं मोबाइलवर अर्जेंटिनाच्या सैनिकाच्या हातातली एफएएल दाखवली, की पडवीतून उत्तर ठरलेलं: ‘अरे, ही तर आमचीच!’ रायफलीपुरतं ते जवळपास बरोबर आहे. मॅगझिनपाशी, म्हणजे रायफलीला खालून लावायच्या गोळ्यांच्या डबीपाशी आलं की मात्र फसगत होते.

एफएएल ही मूळची बेल्जियमच्या एफएन कारखान्याची, द्यूदोने सैव्ह या अभियंत्याची रचना. ७.६२ बाय ५१ मिलिमीटरचा राऊंड, म्हणजे काडतूस, १९५४ मध्ये नाटोनं प्रमाण मानला आणि ही रायफल देशोदेशी गेली. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या मंडळींनी मात्र तिचे नकाशे मिलिमीटरमधून इंचात पुन्हा काढून घेतले. तेव्हापासून या कुटुंबात दोन घराणी झाली, मेट्रिक आणि इंच. अर्जेंटिनाची रायफल मेट्रिक, ब्रिटनची एल१ए१, म्हणजे त्यांची एसएलआर, इंचाची. राऊंड दोघींचा एकच.

आता पुष्कळांना वाटतं की फरक केसभर मापाचा असणार, इंचाचे मिलिमीटर करताना राहून गेलेला. तसं नाही. दोन्ही मॅगझिनं पोलादी पत्र्याची, वीस राऊंडची, लांबून जुळी भावंडं. पण हातात घेऊन पुढच्या, म्हणजे नळीकडच्या बाजूवरून वरच्या कडेजवळ अंगठा फिरवा. मेट्रिक मॅगझिनच्या पत्र्यालाच आतून ठोकून काढलेला एक लहानसा फुगवटा लागतो. इंचाच्या मॅगझिनवर त्या जागी वेगळा घडवून पक्का जोडलेला जाड, रुंद खुंट असतो. अंगठा त्यावर चक्क अडतो. ओळखायला एवढं पुरे. शिक्के, रंग, कारखान्याचं नाव यांच्या नादी लागू नये.

हा खुंट महत्त्वाचा का, ते मॅगझिन चढवण्याच्या पद्धतीत आहे. या रायफलीत मॅगझिन सरळ वर ढकलत नाहीत. आधी पुढचं टोक रायफलीच्या खाचेत अडकवायचं, मग मागची बाजू वर झुलवत न्यायची, आणि मॅगझिन कॅच, म्हणजे मागची खिट्टी, ‘खट्’ करून बसतो. म्हणजे सगळा भार दोन ठिकाणी: पुढे खुंट, मागे कॅच. पुढचा आधार ढिला असेल तर मागे कितीही घट्ट बसलेलं मॅगझिन पुढून खाली झुकतं.

इंचाचं मॅगझिन मेट्रिक रायफलीत जातच नाही. खुंट मोठा, खाच लहान, विषय संपला. मला ही जोडी त्यातल्या त्यात बरी वाटते, कारण ती तोंडावर नाही म्हणते. उलटी जोडी लबाड. मेट्रिक मॅगझिनचा लहान फुगवटा इंचाच्या मोठ्या खाचेत सहज शिरतो, कॅचही लागतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की काम झालं. पण पुढे खेळ राहतो. मॅगझिन डुलतं. त्याचे ओठ, म्हणजे राऊंड धरून ठेवणाऱ्या वरच्या वळलेल्या कडा, जिथे असायला हव्यात त्याच्या किंचित खाली राहिल्या की पुढे येणाऱ्या ब्रीच ब्लॉकला (राऊंड ढकलून नळीत भरणाऱ्या ठोकळ्याला) राऊंडची कड नीट सापडत नाही. कधी तो ठोकळा वरूनच निघून जातो आणि चेंबर, म्हणजे नळीतली राऊंडची जागा, रिकामं राहतं, तर कधी राऊंड वाकडा उचलला जाऊन चेंबरच्या तोंडाशी अडकतो. एखाद्या रायफलीत असं मॅगझिन कुरकुर न करता चालेलही, शेजारच्याच रायफलीत दर दोन-तीन राऊंडला रोक पडेल, म्हणजे गोळीबार मधेच अडेल. फौरी इलाज, म्हणजे जागच्या जागी तात्पुरती दुरुस्ती, करून पुढे जाता येतं, पण कारण तसंच राहतं.

१९८२ च्या फॉकलंड युद्धात ही दोन घराणी समोरासमोर उभी होती. अर्जेंटिनाच्या सैनिकाचं मॅगझिन ब्रिटिश रायफलीत शिरू शकत होतं, ब्रिटिश मॅगझिन अर्जेंटिनाच्या रायफलीत नाही.

खुंट अगदी बरोबर असूनही गडबड होते, याचं उदाहरण ब्रेनगन या हलक्या मशीनगनचं. ब्रिटिशांनी ७.६२ मध्ये बदलून घेतलेल्या ब्रेनचं तीस राऊंडचं मॅगझिन एल१ए१ मध्ये व्यवस्थित बसतं. पण ब्रेनवर मॅगझिन वरून लागतं, राऊंड आपल्या वजनानंही खाली येतात. तेच एसएलआरला खालून लावलं की सगळे राऊंड एकट्या स्प्रिंगला वर रेटायचे असतात, आणि तिथे ती कमी पडू शकते.

आपली, ईशापूरच्या कारखान्यातली १ए१, म्हणजे भारतीय एसएलआर, यात कुठे? ती दोन्हींकडून थोडं थोडं घेऊन आपल्याकडे वेगळी आखलेली रायफल आहे. तिचे भाग सरसकट ना या घराण्याला जुळत, ना त्या. ‘एसएलआरचं आहे’ एवढ्यावर परदेशी मॅगझिन आपलं समजण्यात अर्थ नाही. कोकणातल्या परवानाधारक बागायतदाराला हा प्रश्न पडतच नाही म्हणा. डुकरा-माकडांसाठीची त्याची ठासणीची किंवा एकनळी बंदूक, तिला मॅगझिन कुठलं? आणि ७.६२ च्या सर्व्हिस राऊंडची रायफल सामान्य नागरिकाला साध्या परवान्यावर मिळत नाही.

मात्र प्रत्येक रोक जोडीच्या माथी मारू नये. समुद्रकाठच्या हवेत, त्यातही आषाढ-श्रावणात, मॅगझिन आतून गंजतं. बाहेरून तेल पुसलेलं, चकचकीत; बॉटम प्लेट, म्हणजे तळाचं झाकण, सरकवून काढली की स्प्रिंगवर तांबूस भुकटी आणि प्लॅटफॉर्म (राऊंड वर रेटणारी पट्टी) बोटानं दाबला तर एका बाजूला अडकत वर येणारा. दुसरं, मॅगझिन दगडावर पडून ओठ दबलेला असतो. तो नुसत्या नजरेला दिसेलच असं नाही. चांगल्या मॅगझिनशेजारी धरून पाहिला की कळतो.

दोष मॅगझिनचा की रायफलीचा, हे ठरवायची जुनी रीत अजून चालते. प्रत्येक मॅगझिनवर रंगानं आकडा टाकायचा आणि रोक पडली की तो लिहून ठेवायचा. मग तेच मॅगझिन दुसऱ्या रायफलीला लावायचं. रोक त्याच्याबरोबर गेली तर मॅगझिन बाजूला काढा. पहिल्या रायफलीतच राहिली तर रायफल आर्मोररकडे, म्हणजे शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडे.