एफएनपी-सी की एफएनपी-बीसी? नर्स प्रॅक्टिशनरच्या दोन परीक्षा आणि शिक्षणाच्या खर्चाचा हिशेब

अमेरिकेतल्या दवाखान्यात काम करणाऱ्या एका फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरच्या नावापुढे 'एफएनपी-सी' लिहिलेले असते आणि शेजारच्या खोलीत बसणाऱ्या दुसरीच्या नावापुढे 'एफएनपी-बीसी'. दोघींचे काम तेच असते: रुग्ण तपासायचा, निदान करायचे, चाचण्या सांगायच्या आणि औषधे लिहून द्यायची. तरीही या वाटेने जाऊ पाहणाऱ्या नर्सला या दोन अक्षरांच्या फरकाचा बराच घोर लागतो. महाराष्ट्रातून नर्सिंग करून ग्रीन कार्डावर अमेरिकेत गेलेल्या, काही वर्षे रुग्णालयात काम केलेल्या आणि आता पुढच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या मराठी नर्सेसनाही कोणती परीक्षा सोपी आणि कोणत्या प्रमाणपत्राला मान अधिक, हा प्रश्न पडतोच. माझे मत आधीच सांगून टाकते. नोकरीच्या दृष्टीने दोन्ही प्रमाणपत्रे सारखीच आहेत. त्यांच्यात खरा फरक दोनच ठिकाणी आहे, एक प्रश्नांच्या स्वरूपात आणि दुसरा पाच वर्षांनी येणाऱ्या नूतनीकरणात. पैशाचे म्हणाल, तर ते परीक्षेत जात नाहीत, शाळेत, म्हणजे पदव्युत्तर नर्सिंग अभ्यासक्रमाच्या शुल्कात, जातात.

प्रथम प्रमाणपत्र आणि परवाना यांची गल्लत दूर केली पाहिजे. एनसीएलएक्स ही परवाना परीक्षा उत्तीर्ण होऊन मिळालेला आर.एन.चा (नोंदणीकृत नर्सचा) परवाना राज्याचे नर्सिंग बोर्ड देते, आणि नर्स प्रॅक्टिशनरचा परवानाही राज्याचे बोर्डच देते. मात्र हा दुसरा परवाना देताना बोर्ड स्वतः परीक्षा घेत नाही; बहुतेक राज्यांत ते राष्ट्रीय पातळीवरच्या मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र पुरावा म्हणून मागते. फॅमिली शाखेसाठी असे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था दोन आहेत आणि सर्व 50 राज्ये दोघींचेही प्रमाणपत्र स्वीकारतात. राज्यागणिक बदलते ते परवान्यानंतरचे स्वातंत्र्य. उदाहरणार्थ, टेक्सासमध्ये औषधे लिहिण्यासाठी डॉक्टरशी लेखी करार करावा लागतो, तर कित्येक राज्यांत त्याची गरज नसते. तुमच्याकडे 'सी' आहे की 'बीसी', याचा या नियमांशी काहीही संबंध नाही.

एफएनपी-सी देणारी संस्था म्हणजे अमेरिकन अकॅडमी ऑफ नर्स प्रॅक्टिशनर्स सर्टिफिकेशन बोर्ड. बोलताना सगळे तिला नुसते 'एएएनपी' म्हणतात, पण एएएनपी ही सभासदांची संघटना असून परीक्षा घेणारे मंडळ तिच्यापासून वेगळे आहे. नोंदणी करताना भलत्याच संकेतस्थळावर सभासदत्वाचे पैसे भरून परीक्षेची फी भरल्याच्या समजात राहू नये, म्हणून हा फरक ध्यानात ठेवावा. एफएनपी-बीसी देणारी संस्था म्हणजे अमेरिकन नर्सेस क्रेडेन्शियलिंग सेंटर, अर्थात एएनसीसी. ही अमेरिकन नर्सेस असोसिएशनची शाखा आहे आणि रुग्णालयांना उत्तम नर्सिंगसाठीचा 'मॅग्नेट' हा दर्जाही हीच देते. त्यावरून मॅग्नेट रुग्णालयात नोकरी हवी असेल तर एएनसीसीचेच प्रमाणपत्र लागते असा एक समज पसरला आहे, पण त्याला आधार नाही.

परीक्षेच्या आराखड्यात पहिला फरक आकड्यांचा आहे. अकॅडमीच्या मंडळाची परीक्षा 150 प्रश्नांची आणि तीन तासांची असते. त्यातले 135 प्रश्न गुणांसाठी धरले जातात आणि उरलेले 15 पुढच्या परीक्षांसाठी पारखले जात असतात. कोणते, ते परीक्षार्थीला कळत नाही. एएनसीसीच्या परीक्षेत 175 प्रश्नांना साडेतीन तास मिळतात आणि त्यांपैकी 150 धरले जातात. पहिलीत 200 ते 800 या मोजपट्टीवर 500 मिळाले की उत्तीर्ण, दुसरीत 500 पैकी 350. या आकड्यांवरून कोणती परीक्षा सोपी हे ठरत नाही, कारण दोन्ही मोजपट्ट्या रूपांतरित गुणांच्या आहेत, बरोबर उत्तरांच्या टक्क्यांच्या नव्हेत.

दुसरा फरक प्रश्नांच्या घडणीचा आहे आणि तयारीला तोच उपयोगी पडतो. अकॅडमीच्या मंडळाचा प्रश्न बहुधा थेट रुग्णाशी नेऊन उभा करतो. चार वर्षांचे मूल आहे, ताप आहे, कान दुखतो आहे, कानाचा पडदा लाल आणि फुगलेला आहे, पेनिसिलिनची ॲलर्जी नाही आणि गेल्या महिनाभरात प्रतिजैविक दिलेले नाही. आता पहिले औषध कोणते? चार पर्यायांतून उत्तर निवडायचे असते: जास्त मात्रेतले ॲमॉक्सिसिलिन, म्हणजे दिवसाला दर किलो वजनामागे 80 ते 90 मिलिग्रॅम. एएनसीसीही असे प्रश्न विचारते, परंतु त्यांच्या जोडीला व्यवसायाची दुसरी बाजू विचारते. एखाद्या उपचाराबद्दल चार प्रकारचे अभ्यास समोर ठेवून सर्वांत भक्कम पुरावा कोणता, असे ती विचारील. किंवा सोळा वर्षांच्या मुलीने आईला न कळवता सांगितलेल्या गोष्टीबाबत गोपनीयता कुठवर पाळायची, असे विचारील. शिवाय तिच्यात एकापेक्षा अधिक बरोबर पर्याय निवडण्याचे आणि जोड्या जुळवून योग्य जागी ओढून ठेवण्याचेही प्रश्न असतात. ज्यांना संशोधन, धोरण आणि नीतिनियम यांचे वाचन जड जात नाही, त्यांना एएनसीसीचे भय वाटण्याचे कारण नाही. ज्यांचा हात रुग्ण तपासण्यात बसला आहे आणि पुस्तकी चौकटींचा कंटाळा आहे, त्यांना अकॅडमीच्या मंडळाची परीक्षा अधिक आपलीशी वाटते.

भारतात शिकलेल्या नर्सला दोन्ही परीक्षांत सारखीच अडचण येते आणि तिची चर्चा फार कमी होते. आपले मूळ ज्ञान कच्चे नसते, पण ते दुसऱ्या देशाच्या आजारांवर आणि कार्यक्रमांवर घडलेले असते. क्षयरोगाचेच पाहा. जन्मताच बीसीजी टोचलेल्या माणसाच्या हातावर ट्यूबरक्युलिन चाचणीची गाठ आली, तर 'बीसीजीमुळे आली असेल' असे मनात येणे आपल्याकडे स्वाभाविक आहे. अमेरिकेतील मार्गदर्शनानुसार मात्र गाठीचे माप वाचताना बीसीजीचा इतिहास धरायचा नसतो. क्षयरोग जास्त असलेल्या देशातून अलीकडेच आलेल्या माणसाला 10 मिलिमीटरची गाठ असेल तर ती चाचणी सकारात्मक मानतात, एचआयव्हीबाधित व्यक्तीत 5 मिलिमीटर पुरतात, आणि कसलाच धोका नसलेल्या व्यक्तीत 15 लागतात. बीसीजी घेतलेल्यांसाठी रक्ताची इग्रा चाचणी अधिक पसंत केली जाते. हेच तपासण्यांच्या वयाबाबतही लागू आहे. आतड्याच्या कर्करोगाची तपासणी 45 व्या वर्षापासून सुरू करायची, स्तनांची मॅमोग्राफी 40 ते 74 या वयात दर दोन वर्षांनी करायची, ही अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाची वेळापत्रके आहेत. ती वॉर्डातल्या अनुभवातून येत नाहीत, पाठच करावी लागतात. रुग्णालयात दहा वर्षे काढलेली हुशार नर्सदेखील लसीकरण आणि तपासण्या या दोन प्रकरणांतच गुण घालवू शकते, म्हणून तयारीची सुरुवात तिथून करावी असे मला आग्रहाने वाटते.

नापास झाल्यास नियम निराळे आहेत. अकॅडमीच्या मंडळाची परीक्षा एका कॅलेंडर वर्षात दोनदाच देता येते, आणि दुसऱ्यांदा बसण्यापूर्वी कमकुवत ठरलेल्या विषयांत 15 तासांचे निरंतर शिक्षण पूर्ण केल्याचा पुरावा द्यावा लागतो. एएनसीसीत 60 दिवस थांबावे लागते आणि बारा महिन्यांत तीनदा बसता येते. दोन्हीकडे फी पुन्हा भरावी लागते. सभासद नसणाऱ्यांना ती साधारण 300 ते 400 डॉलरच्या घरात पडते आणि संघटनेच्या सभासदांना सवलत असते. काही जणी घाबरून दोन्ही परीक्षांना एकदम नाव नोंदवतात. मला हा खर्च अनाठायी वाटतो, कारण एक उत्तीर्ण झाल्यावर दुसरीचा परवान्यासाठी काडीचाही उपयोग नसतो. तुलनेसाठी सांगायचे, तर नियंत्रित औषधे लिहिण्यासाठी लागणारी डीईएची, म्हणजे केंद्र सरकारच्या अमली औषध नियंत्रण संस्थेची, तीन वर्षांची नोंदणीच 888 डॉलरची आहे. परीक्षेची फी वाचवण्याच्या विचारात ही रक्कम बाजूला काढायची राहून जाते.

खरा पैसा शाळेत जातो. समजा अभ्यासक्रम 48 क्रेडिटचा आहे आणि दर क्रेडिटला 700 डॉलर पडतात, तर नुसते शिक्षणशुल्क 33,600 डॉलर झाले. दर 1,200 असेल तर तेच 57,600 होते. पदवी दोन्हीकडे तीच आणि परीक्षाही तीच. म्हणून शाळा निवडताना आधी सीसीएनई किंवा एसीईएन यांसारख्या संस्थेची मान्यता पाहावी, कारण मान्यता नसलेल्या शाळेच्या पदवीवर परीक्षेला बसताच येत नाही. त्यानंतर, ऑनलाइन शाळा असल्यास आपण राहतो त्या राज्यात ती हा अभ्यासक्रम चालवू शकते का, हे विचारावे. तिसरा आणि सर्वांत महाग प्रश्न क्लिनिकल रोटेशनचा, म्हणजे दवाखान्यातल्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाचा आहे. राष्ट्रीय मानकांनी 2022 मध्ये देखरेखीखालच्या क्लिनिकलचे किमान तास 500 वरून 750 वर नेले. हे तास करवून घेणारा प्रिसेप्टर शाळा मिळवून देते की विद्यार्थिनीने स्वतः शोधायचा, यावर खिसा किती रिकामा होणार ते ठरते. शोधता न आल्यामुळे एखादे सत्र वाया गेले, तर स्वस्त शाळाही स्वस्त राहत नाही. भारतात जीएनएम ही पदविका केलेल्यांना आधी बी.एस.एन.चा, म्हणजे नर्सिंगच्या पदवीचा टप्पा पूर्ण करावा लागतो; बी.एस्सी. झालेल्यांना गुणपत्रिकांचे मूल्यांकन करून घ्यावे लागते. आणि भारतीय नर्सिंग परिषदेचा क्रिटिकल केअरमधला दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम नावाने सारखा असला, तरी त्या पदवीवर या परीक्षांना बसता येत नाही.

शाखेची निवडही खर्चाचाच भाग आहे. आयसीयूत मुरलेल्या नर्सला पुढेही तिथेच काम करायचे असेल, तर फॅमिली शाखा तिच्या उपयोगाची नाही. तिला प्रौढांच्या तीव्र आजारांची शाखा लागते. त्या शाखेची परीक्षा एएनसीसी घेते आणि अमेरिकन असोसिएशन ऑफ क्रिटिकल-केअर नर्सेसचे मंडळही घेते, पण अकॅडमीचे मंडळ घेत नाही. चुकीची शाखा निवडली तर नंतर आणखी एक पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रम पदरमोड करून करावा लागतो.

कर्जाच्या बाबतीत नियम अलीकडेच बदलले आहेत. 2025 च्या कायद्याने 1 जुलै 2026 पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद केले आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना वर्षाला 20,500 व एकूण 1,00,000 डॉलर अशी मर्यादा घातली. 'व्यावसायिक' ठरलेल्या पदव्यांना वर्षाला 50,000 आणि एकूण 2,00,000 डॉलर मिळतात. पण शिक्षण खात्याने 2025 च्या अखेरीस पुढे केलेल्या व्याख्येत नर्सिंगला त्या यादीत जागा नव्हती, आणि नर्सिंग संघटनांनी त्याला उघड विरोध केला. रुग्ण तपासून औषध लिहिणाऱ्या व्यक्तीची पदवी व्यावसायिक नाही म्हणणे मला अन्यायाचे वाटते, पण हिशेब मात्र लहान मर्यादा धरूनच करावा. एफ-1 किंवा एच-1बी व्हिसावर असलेल्यांना हे सरकारी कर्ज मुळात मिळत नाही, ग्रीन कार्डधारकांना मिळते.

कर्जाआधी नोकरीच्या ठिकाणी चौकशी करावी. मालकाने दिलेली वर्षाला 5,250 डॉलरपर्यंतची शैक्षणिक मदत करमुक्त असते, त्यामुळे अर्धवेळ शिकत तीन-चार वर्षांत ही मदत दरवर्षी घेणे पुष्कळदा पूर्णवेळ कर्जापेक्षा परवडते. नर्स कोअर या केंद्र सरकारच्या कार्यक्रमाच्या दोन योजनांचीही नावावरून गफलत होते. शिष्यवृत्ती शिकत असताना मिळते, तीत शुल्क आणि मासिक भत्ता असतो, आणि त्याबदल्यात किमान दोन वर्षे नर्सेसची टंचाई असलेल्या ठिकाणी काम करावे लागते. कर्जफेड योजना शिक्षण झाल्यावर मिळते. दोन वर्षांच्या सेवेबद्दल उरलेल्या कर्जाच्या 60 टक्के, आणि तिसऱ्या वर्षाबद्दल आणखी 25 टक्के. दोन्हींसाठी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड हवे. सेवा अर्धवट सोडल्यास शिष्यवृत्ती व्याजासह परत करावी लागते, म्हणून घरच्यांना विचारल्याशिवाय त्या करारावर सही करू नये.

राहिले नूतनीकरण, आणि माझ्या मते दोन प्रमाणपत्रांतून निवड करताना याच गोष्टीला वजन द्यावे. दोन्हींची मुदत पाच वर्षांची आहे. अकॅडमीचे मंडळ त्या पाच वर्षांत 1,000 तासांचे प्रत्यक्ष काम आणि 100 तासांचे निरंतर शिक्षण मागते, त्यातले 25 तास औषधशास्त्राचे. ते जमले नाही तर परीक्षा पुन्हा द्यायची. एएनसीसी 75 तासांचे निरंतर शिक्षण मागते, त्यातही औषधशास्त्राचे 25, आणि त्याबरोबर शैक्षणिक क्रेडिट, व्याख्याने, प्रिसेप्टरचे काम, प्रत्यक्ष सेवा अशा आठ प्रकारांपैकी काहीतरी. सलग काम करणाऱ्या नर्सला 1,000 तास जड नाहीत, आठवड्याला 40 तासांनी ते 25 आठवड्यांत भरतात. पण जिला बाळंतपणानंतर काही वर्षे घरी राहायचे आहे, किंवा पुण्या-नागपूरला आईवडिलांपाशी दीर्घकाळ जाऊन राहावे लागणार आहे, किंवा पुढे शिकवण्याकडे वळायचे आहे, तिच्यासाठी एएनसीसीची चौकट अधिक सोयीची ठरते. रोज रुग्ण तपासतच राहणार असल्याची ज्यांना खात्री आहे, त्यांनी ज्या परीक्षेचे सराव प्रश्न आपल्याला अधिक साधतात ती द्यावी. त्यासाठी दोन्ही संस्थांचे सराव प्रश्न शेवटच्या सत्राच्या सुरुवातीलाच सोडवून पाहावेत, म्हणजे नोंदणीची फी एकदाच भरावी लागेल.